सात दिवसांचा ब्युप्रेनॉर्फिन पॅच : दुखणे थांबते, पण चालीचे काय?

मणक्याची झीज, खुब्याचे जुने फ्रॅक्चर, कंपवातात दुखणारे खांदे, अशा महिनोन् महिने चालणाऱ्या दुखण्यांवर ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच लिहून दिला जातो. घरी आणल्यावर त्याची पारख एकाच प्रश्नावर होते : दुखायचे थांबले का? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. माणूस खुर्चीतून उठताना, वळताना, मोरीचा उंबरा ओलांडताना आणि जिना उतरताना आधीपेक्षा बरा आहे की वाईट, हा उरलेला अर्धा. ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचे औषध आहे. ते ज्या ओपिऑइड रिसेप्टरांना (पेशींवरच्या, असे औषध पकडणाऱ्या जागांना) चिकटते ते केवळ वेदनेच्या वाटेवर बसलेले नाहीत. हालचाल सुरू करणाऱ्या आणि आवरणाऱ्या मेंदूच्या भागांत त्यांची चांगलीच दाटी आहे. म्हणून या पॅचचे परीक्षण इथे मुद्दाम चालीच्या बाजूने केले आहे.

मत आधीच सांगून टाकतो. ज्याचे दुखणे रात्रंदिवस सारखे आहे, ज्याला मूत्रपिंडाच्या त्रासामुळे डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या चालत नाहीत आणि ज्याच्या घरी पहिला आठवडा लक्ष ठेवायला कोणी आहे, त्याच्यासाठी सर्वात कमी ताकदीचा पॅच हा मॉर्फिनच्या गोळ्यांपेक्षा सुटसुटीत पर्याय आहे. परवा पाय मुरगळला, काल दाढ काढली, अशा दुखण्यांसाठी तो अजिबात नाही. एकट्या राहणाऱ्या, आधीच तोल जाणाऱ्या माणसाला तो लावायचा असेल तर घाई करू नये.

पाकिटात काय मिळते

तीन ताकदी प्रचलित आहेत : तासाला ५, १० आणि २० मायक्रोग्रॅम औषध सोडणाऱ्या. पाकिटावर शेजारीच ५, १० किंवा २० मिलिग्रॅम असेही छापलेले असते आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. मिलिग्रॅमचा आकडा म्हणजे पॅचमध्ये भरलेले एकूण औषध. अंगात जाणारे औषध तासाच्या हिशेबाने मोजायचे. ५ चा पॅच दिवसाला १२० मायक्रोग्रॅम देतो, म्हणजे सात दिवसांत एक मिलिग्रॅमही पुरता जात नाही. तोंडी मॉर्फिनच्या भाषेत ही ताकद दिवसाला साधारण १२ मिलिग्रॅमच्या आसपास बसते. ज्याने पूर्वी कधी ओपिऑइड घेतलेले नाही त्याची सुरुवात ५ पासूनच व्हायला हवी. २० च्या वर जात नाहीत, कारण त्यापुढे हृदयाच्या ईसीजीवरचे क्यूटी नावाचे अंतर लांबण्याची आणि ठोके बिघडण्याची भीती असते.

औषध शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठी आणि नोंद घेऊनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. त्यामुळे पाकिटावर लाल चौकटीतली सूचना आणि लाल अक्षरातली आरएक्स खूण असते आणि दुकानदाराला डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव आणि दिलेले नग वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे सांभाळावी लागते. मेडिकलवाल्याने नाव विचारले, चिठ्ठी पुन्हा पाहिली तर त्यात अपमान मानू नये. न विचारता देणारे दुकान हीच काळजीची बाब. नाशिकमध्ये कॉलेज रोड असो, सिडको असो की नाशिकरोड, प्रत्येक मेडिकलमध्ये हा पॅच शेल्फवर असेलच असे धरून चालू नका. संपण्याच्या दिवशी शोधाशोध नको म्हणून शेवटचा पॅच लावला की लगेच पुढची मागणी नोंदवावी. घेताना पाकीट फुगलेले किंवा फाटलेले नाही ना, मुदत किती आहे आणि ताकद चिठ्ठीशी जुळते का, हे काउंटरवरच पाहावे. घरी आणून उन्हाच्या खिडकीत ठेवू नये.

व्यसनमुक्तीच्या उपचारात हेच औषध जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांतून देतात. त्यांचे डोस पॅचच्या कितीतरी पट असतात. नाव सारखे म्हणून एकाचा हिशेब दुसऱ्याला लावणे धोक्याचे.

मेंदूत नेमके काय घडते

मेंदूत ओपिऑइडसाठी खास रिसेप्टर आहेत हे १९७३ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांचे काम त्यातले सर्वात ओळखीचे. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी मेंदू स्वतःच तयार करत असलेले ओपिऑइड शोधले. ते एन्केफॅलिन. रिसेप्टरांचे मुख्य प्रकार तीन : म्यू, डेल्टा आणि कप्पा. तिघांचेही चेतापेशीवर होणारे काम एकाच जातीचे आहे. पेशीत कॅल्शियम येण्याची वाट आवळली जाते, पोटॅशियम बाहेर जाते आणि पेशी शांत होते. मग एकच औषध कुणाला सुस्त आणि कुणाला अस्वस्थ का करते? शांत झालेली पेशी मुळात काय काम करत होती, यावर ते ठरते.

हालचालीचे मुख्य ठाणे म्हणजे बेसल गँग्लिया आणि त्याचे प्रवेशद्वार म्हणजे स्ट्रायटम. तिथून दोन वाटा निघतात. पहिली हवी ती हालचाल मोकळी करते आणि तिच्या पेशी सोबत डायनॉर्फिन नावाचे ओपिऑइड बाळगतात. दुसरी नको त्या हालचालींना आवर घालते, तिच्या पेशींत एन्केफॅलिन असते. डायनॉर्फिन मुख्यतः कप्पा रिसेप्टरला जाऊन बसते. हे रिसेप्टर डोपामिन (हालचाल सुरळीत ठेवणारे मेंदूतले रसायन) सोडणाऱ्या तंतूंच्या टोकांवरही असतात आणि ते दाबले गेले की डोपामिन कमी सुटते. एन्केफॅलिनचा ओढा म्यू आणि डेल्टाकडे. स्ट्रायटममध्ये म्यू रिसेप्टर सारखे पसरलेले नाहीत. त्यांचे ठिकठिकाणी दाट पुंजके दिसतात. त्या पुंजक्यांतल्या पेशींचे तंतू सबस्टॅन्शिया नायग्रातल्या डोपामिन पेशींपर्यंत पोचतात, म्हणजे कंपवातात ज्या पेशी झिजतात त्यांच्यापर्यंतच.

डोपामिन पेशींच्या शेजारी त्यांना सतत दाबून धरणाऱ्या गाबा पेशी असतात. त्यांच्यावर म्यू रिसेप्टर भरपूर. मॉर्फिन त्या गाबा पेशींना गप्प करते, दाब सुटतो आणि डोपामिन वाढते. ब्रेकवरचा पाय काढल्यावर उतारावरची गाडी आपोआप सुटावी तसे हे आहे. मॉर्फिन दिलेला छोटा पांढरा उंदीर गोलगोल पळत सुटतो, ते यामुळेच. त्याची शेपटीही पाठीवर ताठ उभी राहते. ही शेपटीची खूण १९११ पासून श्ट्राउब यांच्या नावाने ओळखली जाते. रॅट या मोठ्या जातीत मात्र मोठ्या डोसनंतर आधी प्राणी लाकडासारखा आखडून पडतो आणि काही वेळाने उधळतो. माणसात पळत सुटणे दिसत नाही. गुंगी, मंदपणा आणि डोलणारी चाल दिसते, कारण जागे ठेवणाऱ्या केंद्रांवरचा दाब इतर सगळ्यावर मात करतो.

आखडण्याचे माणसातले रूपही ठाऊक असावे. भूल देताना फेन्टॅनिल हे जोरदार ओपिऑइड शिरेतून मोठ्या डोसमध्ये भराभर सोडले तर छातीचे स्नायू इतके ताठ होऊ शकतात की श्वास देणे अवघड होते. त्यात मेंदूच्या देठातल्या लोकस सेरुलियस या केंद्राचा मोठा हात मानला जातो. मॉर्फिनचा डोस खूप वाढला किंवा मूत्रपिंड कमजोर असले की अंगाला अचानक झटके बसतात. मॉर्फिनचे शरीरात उरलेले घटक मूत्रपिंडातून बाहेर पडत नाहीत आणि साठत जातात, हे त्याचे एक मुख्य कारण. ब्युप्रेनॉर्फिनचा निचरा मुख्यतः यकृतातून होतो, त्यामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या वृद्धात त्याचा डोस बदलावा लागत नाही. या पॅचच्या बाजूचा हा सर्वात भक्कम मुद्दा आहे असे आम्हाला वाटते.

दुसरी जमेची बाजू त्याच्या स्वभावात आहे. ब्युप्रेनॉर्फिन म्यू रिसेप्टरला घट्ट पकडते, पण त्याला पूर्ण जोराने चालवत नाही. कप्पा रिसेप्टरला तर ते अडवून ठेवते. कप्पामुळे डोपामिन घटते, म्हणून कप्पा अडवणारे औषध हालचालीला सोयीचे असावे, असा तर्क करता येतो. तर्क चांगला आहे, पण त्या भरवशावर कंपवाताच्या रुग्णाला निर्धास्त पॅच लावावा इतका पुरावा तो नाही. चक्कर, झोप, मळमळ आणि उभे राहताच रक्तदाब घसरणे हे म्यूचे परिणाम इथेही येतात. म्हातारपणी माणूस पडतो तो याच चौघांमुळे.

लावण्याची रीत, आणि कुठे बिघडते

जागा चार : दंडाची बाहेरची बाजू, छातीचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि बरगड्यांची बाजू. उजवी-डावी धरून आठ होतात. दुखते तिथेच लावायचा हा समज चुकीचा आहे. औषध रक्तातून मेंदूकडे आणि मज्जारज्जूकडे जाते, गुडघ्यावर लावून गुडघ्याला जास्त मिळत नाही. एकदा वापरलेल्या जागी पुढचे तीन आठवडे पुन्हा लावू नये. तिथली त्वचा ताजी असताना लावला तर औषध जास्त वेगाने आत जाऊ शकते, शिवाय खाज आणि लाली वाढते.

जागा नुसत्या पाण्याने धुवावी. साबण, स्पिरिट, तेल, पावडर काही नको. केस असतील तर कात्रीने कापावेत, वस्तरा फिरवू नये, कारण वस्तऱ्याने त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि शोषण बदलते. पूर्ण कोरडे झाल्यावर पाकीट फोडायचे, मागचा कागद काढायचा, चिकट बाजूला बोट न लावता पॅच ठेवायचा आणि तळहाताने १५ सेकंद दाबायचा. कडा नीट बसल्या का ते बोटाने फिरून पाहायचे. हात पाण्याने धुवायचे. पॅच कात्रीने अर्धा करू नये. तारीख, वार आणि वेळ कॅलेंडरवर लिहावी, पुढच्या आठवड्यात त्याच वारी त्याच वेळी बदलावा. जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही. सांगायला हे फार साधे आहे, पण पाठीवरचा जुना पॅच विसरून दंडावर नवा लागतो आणि दोन दिवसांनी आजोबा उठेनासे होतात, हा प्रकार विसराळू रुग्णांच्या बाबतीत अगदी सहज घडू शकतो. नवा लावण्याआधी आठही जागा उघड्या करून पाहाव्यात.

नाशिकच्या हवेचा इथे थेट संबंध येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, घामाने कडा उचलतात. उचललेल्या कडेवर प्रथमोपचाराची कागदी चिकटपट्टी चारही बाजूंनी लावावी. पूर्ण निघालाच तर तोच परत चिकटवू नये, दुसऱ्या जागी नवा लावून सात दिवस तिथून मोजावेत. अंगाला तेल चोळायची सवय असलेल्यांनी आणि दिवाळीत अभ्यंगस्नान करणाऱ्यांनी पॅचच्या आसपासची वीतभर जागा तेलाविना ठेवावी.

हिवाळा जास्त धोक्याचा. निफाडकडे आणि शहरातही थंडी कडक पडते, मग गरम पाण्याची पिशवी, विजेची शेक-पट्टी, शेकोटी, कढत पाण्याची अंघोळ हे सगळे सुरू होते. पाठ दुखणाऱ्याचा हात तर आपोआप शेकायच्या पिशवीकडे जातो. पॅचवर थेट शेक दिला तर रक्तातले औषध पाव ते निम्म्याने वाढलेले मोजले गेले आहे. शेक थांबवल्यावर पातळी खाली यायला काही तास लागतात आणि त्या तासांत माणूस पेंगतो, उठला तर झोकांडतो. शेकायचेच असेल तर पॅच छातीवर लावून कंबर शेकावी, इतके अंतर हवे. ताप आला तरी शोषण वाढते, म्हणून तापात अशा रुग्णाकडे दर दोन-तीन तासांनी पाहावे आणि डॉक्टरांना कळवावे. कोमट पाण्याच्या अंघोळीला हरकत नाही.

पहिले तीन दिवस

पॅच लावल्यावर औषध त्वचेत साठते, मग हळूहळू रक्तात उतरते. पातळी स्थिर व्हायला साधारण तीन दिवस लागतात. पहिल्या रात्री दुखणे तसेच राहते, घरच्यांना वाटते पॅच निकामी आहे आणि मग कुणीतरी कपाटातली ट्रॅमाडॉलची गोळी देते. तिसऱ्या दिवशी पॅचचा पूर्ण जोर आणि ट्रॅमाडॉल एकत्र येतात. ट्रॅमाडॉल हेही ओपिऑइडच आहे, शिवाय ते सेरोटोनिन हे मेंदूतले आणखी एक रसायन वाढवते आणि आकडीची शक्यता वाढवते. ७२ तास पूर्ण होण्याआधी ताकद वाढवू नये आणि मधल्या काळासाठी काय घ्यायचे ते, बहुधा पॅरासिटामॉल, डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

चाल मोजायची सोपी रीत आहे आणि ती प्रत्येक घराने करावी असा आमचा आग्रह आहे. हात टेकायची सोय असलेली खुर्ची घ्या, तिच्यासमोर तीन मीटरवर जमिनीवर खडूची रेघ मारा. माणसाने उठायचे, नेहमीच्या वेगाने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. रोजची चप्पल आणि रोजची काठी चालेल. मोबाइलवर सेकंद मोजा आणि सोबत कुणीतरी हाताच्या अंतरावर चाला. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरला जातो. पॅच लावण्याआधी एकदा, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी मोजले की बोलायला आकडे हातात येतात. दुखणे कमी झाल्याने वेळ घटली तर पॅच कामाला आला. दुखणे कमी पण वेळ वाढली, वळताना चार-पाच तुटक पावले पडू लागली, तर मिळालेल्या आरामाची किंमत चालीने चुकवली जाते आहे.

रक्तदाबही असाच : पाच मिनिटे आडवे पडल्यावर मोजा, मग उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. जुन्या नाशकातल्या वाड्यांत उंबरे उंच, जिने अरुंद आणि संडास बरेचदा खाली असतो. पहिला आठवडा अशा रुग्णाची झोपायची सोय तळमजल्यावर करावी, रात्री दिवा चालू ठेवावा. रामकुंडावर जायचेच असेल तर ओल्या पायऱ्या उतरायला नको, वरच्या कोरड्या घाटावरूनच दर्शन घ्यावे. पहिल्या आठवड्यात आणि ताकद बदलल्यावर काही दिवस स्कूटर बंद.

झोपेसाठी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम, नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन किंवा गॅबापेन्टिन आधीच चालू असेल तर पॅच लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्या गोळ्यांच्या पट्ट्याच नेऊन दाखवा. ही औषधे एकत्र आली की चालच बिघडते असे नाही, श्वासही मंदावतो. दारू अजिबात नाही. माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार सावकाश किंवा घोरत अडकत चालला असेल, तर पॅच काढा आणि १०८ ला फोन करा. पॅच काढला म्हणजे संपले असे नव्हे. त्वचेतल्या साठ्यातून औषध पुढचे कित्येक तास उतरत राहते, आणि ब्युप्रेनॉर्फिनची रिसेप्टरवरची पकड घट्ट असल्याने ओपिऑइडचा उतारा असलेल्या नालोक्सोनचा नेहमीचा डोसही पुरेलच असे नाही. त्यामुळे काढून घरीच वाट पाहणे चुकीचे ठरते.

कंपवात असेल तर

कंपवातातले प्रत्येक दुखणे पॅचचे नसते. पहाटे पायाची बोटे आत वळून पोटरीत गोळा येतो, गोळीचा असर उतरताना खांदा आखडून दुखतो. हे डोपामिन कमी पडल्याचे दुखणे आहे. त्याला लेव्होडोपाच्या, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या कंपवाताच्या मुख्य गोळीच्या वेळा आणि मात्रा नीट करणे हा उपाय, आणि तो आधी करून पाहायला हवा. चार-पाच दिवस एका कागदावर गोळीची वेळ आणि दुखण्याची वेळ शेजारी शेजारी लिहिली की नाते लगेच दिसते. दुखणे घड्याळाप्रमाणे गोळीच्या आधी येत असेल तर पॅचवर खर्च करू नये. तीव्र दुखणे असलेल्या कंपवाताच्या २०२ रुग्णांवर ऑक्सिकोडोन-नालोक्सोन या ओपिऑइड गोळीची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१५ मध्ये आले. १६ आठवड्यांनंतरच्या मुख्य मोजमापात औषध आणि नकली गोळी यांतला फरक निर्णायक ठरला नाही. ओपिऑइडकडून या आजारात किती अपेक्षा ठेवावी याचा अंदाज यावरून येतो.

दुसरी अडचण पोटात होते. म्यू रिसेप्टर आतड्यांतही भरपूर आहेत. पॅचमुळे जठर सावकाश रिकामे होते, बद्धकोष्ठता वाढते. लेव्होडोपा शोषले जाते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. गोळी जठरातच अडकून राहिली तर असर उशिरा येतो किंवा येतच नाही, आणि घरचे म्हणतात पॅचने कंप वाढवला. कंपाचे कारण इथे मेंदूत नसून तुंबलेल्या पोटात असते. म्हणून पहिल्याच दिवसापासून पोट साफ राहण्याचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावे, पाणी वाढवावे आणि लेव्होडोपा जेवणाच्या अर्धा-एक तास आधी घेण्याचा नेम पाळावा. नुसत्या इसबगोलावर विसंबू नये. पाणी कमी पडले तर ओपिऑइडच्या बद्धकोष्ठतेत इसबगोल आणखी गच्च करते.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. पॅचने मळमळले किंवा गरगरले की मेडिकलमधून आणली जाणारी नेहमीची औषधे म्हणजे मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन. तिन्ही डोपामिनच्या रिसेप्टरवर बसून त्याचे काम अडवतात. कंपवाताच्या रुग्णात ती चाल अक्षरशः गोठवू शकतात, आणि कंपवात नसलेल्या वृद्धातही काही आठवडे सलग घेतली तर कंप, ताठरपणा, पाय घासत चालणे असे हुबेहूब चित्र उभे राहते. मग दोष पॅचवर येतो, कधी वयावर. मळमळीवर काय चालेल ते न्यूरॉलॉजिस्टकडून आधी लिहून घ्या आणि ही तीन नावे औषधांच्या डब्यावर ठळक अक्षरात ‘नको’ म्हणून चिकटवा.

रासाजिलिन, सेलेजिलिन किंवा साफिनामाइड ही मेंदूतले एमएओ-बी विकर अडवणारी कंपवाताची औषधे चालू असतील तर अधिक सावध. रासाजिलिनसोबत ट्रॅमाडॉल, पेथिडिन, मेथाडोन आणि खोकल्याच्या औषधातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन वर्ज्य आहे. ताप, थरथर, गोंधळ, अंग आखडणे असा सेरोटोनिनचा जीवघेणा भडका उडू शकतो. ब्युप्रेनॉर्फिन पॅचच्या युरोपातल्या माहितीपत्रकात या गटातल्या औषधांसोबत आणि ती बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत पॅच लावू नये असे आहे. तिथेच मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू थकवणाऱ्या आजारातही मनाई आहे.

हेरॉइनसारख्या औषधाने कंपवात होतो, असे सांगणारे कोणी ना कोणी भेटते. त्यामागची घटना खरी आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक आखडून दवाखान्यात आले. विल्यम लँग्स्टन आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा कळले, की पेथिडिनसारखे एक चोरटे रसायन बनवताना एमपीटीपी नावाची भेसळ तयार झाली होती. मेंदूतले एमएओ-बी विकर तिचे विषात रूपांतर करते आणि ते विष सबस्टॅन्शिया नायग्रातल्या डोपामिन पेशी मारते. या घातपातात ओपिऑइड रिसेप्टरांचा हात नव्हता. दुकानातून घेतलेल्या पॅचशी या घटनेचा संबंध जोडून औषध टाकून देऊ नये.

थांबवताना आणि टाकताना

काही आठवडे वापरल्यानंतर पॅच एकदम काढून टाकला तर दोन-तीन दिवसांत पायांत चैन पडत नाही. रात्री पाय झाडले जातात, घाम, जांभया, अंगावर काटा येतो. रिसेप्टर आणि डोपामिन यांचे नाते इथे उलट बाजूने दिसते : रात्री आडवे पडल्यावर पायांची चुळबुळ करायला लावणाऱ्या आजाराच्या तीव्र रूपात, इतर औषधे हरली की, युरोपात ऑक्सिकोडोन-नालोक्सोन वापरायला मान्यता आहे. म्हणून पॅच एक-एक पायरी खाली आणून थांबवतात. काढल्यानंतर २४ तास दुसरे ओपिऑइड घ्यायचे नसते.

वापरलेला पॅच रिकामा नसतो. पाच मिलिग्रॅमच्या पॅचमध्ये सात दिवसांनीही चार मिलिग्रॅमहून जास्त औषध उरते. नातवंडाच्या हाताला तो चिकटला किंवा कुत्र्याने चघळला तर ते जीवावर बेतू शकते. चिकट बाजू आत घेऊन मधोमध दुमडायचा आणि घट्ट दाबायचा. घंटागाडीच्या उघड्या पिशवीत तो टाकू नये, कचरा वेगळा करणाऱ्यांच्या हाती तो लागतो. घरात ठेवल्यास धोका आहे अशा १७ औषधांची यादी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये दिली, त्यात ब्युप्रेनॉर्फिन आहे. ती संडासात फ्लश करून टाकायला सांगितले आहे. दुमडलेला पॅच तिथेच टाकावा आणि कॅलेंडरवर काढल्याची वेळ लिहावी. रुग्ण गेल्यावर किंवा उपचार थांबल्यावर उरलेली न फोडलेली पाकिटेही कपाटात पडू देऊ नयेत, कुणाच्या तरी पाठदुखीला उपयोगी पडतील म्हणून तर मुळीच नाही.